लीद, लाळ आणि कॉर्टिसॉल: पाचगणीच्या घोड्यांच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, पाचगणी

पाऊस उघडला. टेबल लँडवरचं गवत अजून हिरवं आहे आणि पावसाळ्यात वाईच्या बाजूला खाली नेलेले घोडे पसरणीचा घाट चढून परत येऊ लागलेत. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी, घोडे ताजेतवाने असताना पायाभूत मोजमापं घ्यायची आहेत. नंतर तशी संधी थेट पुढच्या पावसाळ्यानंतर.

प्रश्न असा मांडलाय: हंगामभर रोज फेऱ्या मारणाऱ्या तट्टाच्या शरीरातली संप्रेरकं कोणत्या टप्प्यावर साथ सोडतात, आणि घोडा थकून मोडायच्या आधी ते ओळखता येतं का? शर्यतीच्या घोड्यांवर यात भरपूर काम झालंय. पर्यटकांना पाठीवर घेणाऱ्या आपल्याकडच्या तट्टांचा विचार फारसा कुणी करत नाही, म्हणून हा खटाटोप.

घोडेवाल्यांची पहिलीच अट: सुई नको. गिऱ्हाइकांसमोर रक्त काढणं त्यांना परवडत नाही. मलाही ते सोयीचंच आहे, कारण सुई दिसली की घोडा बिथरतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरक तिथल्या तिथे चढायला लागतं. त्यामुळे मुख्य भर लाळ आणि लीद यांवर. रक्तातलं बरंचसं कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं. जे मोकळं असतं तेच लाळेत उतरतं आणि ऊतींवर कामही तेच करतं. लाळ त्या घटकेचं सांगते. लिदीत मात्र यकृतातून आतड्यात गेलेले कॉर्टिसॉलचे अवशेष असतात आणि घोड्यात त्यांना बाहेर पडायला साधारण २४ तास लागतात. आजची लीद कालच्या दिवसाची हकिगत सांगते.

आज फक्त मोजपट्टी फिरवली. कोपराच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे किलोतलं वजन. राणी नावाच्या घोडीचा घेर १४५, लांबी १३०. वजन सुमारे २३० किलो.

१२ ऑक्टोबर, दसरा

घोड्यांना आंघोळ घातली, झेंडूच्या माळा, कपाळाला कुंकू. आज नमुने घेतले नाहीत, घ्यायचेही नव्हते. निवांत घोड्यात कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं. पण हा दैनंदिन फेरा फार नाजूक असतो. जागा बदलली, शेजारचा घोडा नेला, अनोळखी माणसं आली, एवढ्यानेही तो पुसला जातो. ढोलताशात घेतलेल्या लाळेला काय अर्थ?

त्यावरून नियम ठरवले. कामाआधीची लाळ सकाळी सात ते आठमध्ये, तबेल्यातच, मोतद्दारच्याच (घोड्याची निगा राखणाऱ्याच्याच) हातून, चंदी देण्याआधी. चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा मिनिटभर जिभेवर फिरवायचा. लीद पडल्या पडल्या उचलायची. एकाच गोळ्यातून नाही, तीन-चार गोळ्यांतून थोडी थोडी घेऊन कालवायची, कारण अवशेष सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. लगेच बर्फात. लिदीतले जिवाणू थांबत नाहीत, उन्हात पडलेल्या लिदीतला आकडा तासागणिक बदलत जातो.

२१ ऑक्टोबर

पायाभूत लाळ आणि लीद पूर्ण झाली. मोती, बादल, राणी, सुलतान आणि त्यांचे सोबती, सगळे धडधाकट. विश्रांतीतली नाडी बहुतेकांची मिनिटाला चाळिशीच्या आतबाहेर. नमुने पुण्याला रवाना.

मोतद्दार पोरांनी विचारलं, "मॅडम, हे कॉर्टिसॉल वाईट असतंय ना?" नाही. ते नसेल तर घोडा एक फेरीसुद्धा नीट मारणार नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रीनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. ते यकृताला साखर तयार करायला लावतं, चरबी आणि प्रथिनं मोकळी करतं, दाह आटोक्यात ठेवतं. कामाच्या वेळी ते वाढायलाच हवं आणि काम संपल्यावर तास-दोन तासांत उतरायला हवं. मी मोजतेय ती ही चढउतार. एकटा आकडा, तो कितीही असो, मला काहीच सांगत नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

गर्दी ऊतू जातेय. सकाळपासून अंधार पडेपर्यंत फेऱ्या.

फेरीनंतरची लाळ लगेच आणि मग अर्ध्या तासाने, अशी दोनदा घेतली. अॅड्रिनॅलिन सेकंदांत उसळतं आणि काही मिनिटांत नाहीसं होतं, ते इथे मोजणं शक्य नाही, पण त्याचा परिणाम बोटांना कळतो: नाडी, फुललेल्या नाकपुड्या, हिरड्यांचा रंग. त्याच्याच धक्क्याने घोड्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात ओतते. शर्यतीच्या घोड्यात विश्रांतीच्या वेळी ३५ ते ४० टक्के असलेलं पेशींचं प्रमाण भरधाव धावताना ६० टक्क्यांवर जातं. माणसाकडे ही सोय एवढी मोठी नाही. त्याच वेळी इन्सुलिन खाली येतं आणि ग्लुकॅगॉन वर जातं, म्हणजे साखर साठवणं बंद, खर्च सुरू. कॉर्टिसॉल या सगळ्यांच्या मागून चालतं. कामाच्या वेगापेक्षा काम किती वेळ चाललं यावर ते जास्त अवलंबून असतं, आणि थोड्या वेळाच्या जोरकस कामानंतर त्याचं शिखर २० ते ३० मिनिटांनी येतं. म्हणून दुसरा बोळा.

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते. भरल्या अंगाचा प्रौढ माणूस, वर खोगीर, खाली २३० किलोची घोडी. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ घोड्यांना त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन ४५ मिनिटं काम करवलं. २० टक्क्यांपर्यंत फारसं बिघडलं नाही. २५ आणि ३० टक्क्यांना नाडी चढीच राहिली आणि स्नायू दुखावल्याच्या खुणा वाढल्या. राणीच्या वजनाचे २० टक्के म्हणजे ४६ किलो. आपल्याकडे १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे, दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती सक्तीची. ७० किलोसुद्धा राणीला जास्तच आहेत. वजनदार माणसाला "या घोड्यावर नाही, त्या मोठ्या घोड्यावर बसा" असं सांगायला लाजायचं कारण नाही. दोन घोडेवाल्यांनी आज ते सांगितलं, आणि गिऱ्हाईक गेलं नाही.

१७ नोव्हेंबर

निकाल आले. दिवाळीच्या लिदीत जवळजवळ सगळ्यांची कॉर्टिसॉलची रेष वर गेली आणि गर्दी ओसरल्यावर खाली आली. शरीर कामाला उत्तर देतंय, मग सावरतंय. यात आजार नाही.

आज दिवसभर जुनं संशोधन पुन्हा वाचलं, कारण अतिश्रमाची खूण नेमकी कोणती यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही आणि मला डिसेंबरच्या आत माझ्यापुरतं ठरवायचंय.

आधी स्वीडन. तिथले दुडक्या चालीच्या शर्यतीतले काही घोडे महिनोन्‌महिने कसून पळवल्यावर मागे पडायला लागले. त्यांच्यात लाल पेशींचा एकूण साठा अवाजवी वाढलेला दिसला आणि बाहेरून एसीटीएच टोचल्यावर कॉर्टिसॉल जेवढं उसळायला हवं तेवढं उसळलं नाही. त्यावरून अॅड्रीनल ग्रंथीच थकल्या असा तर्क निघाला. पुढे १९९९ च्या सुमारास सिडनी विद्यापीठातल्या गटाने स्टँडर्डब्रेड घोड्यांना ३४ आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. एका गटाचा व्यायामाचा भार वाढवत नेला, दुसऱ्याचा बेताचा ठेवला. भार वाढवलेल्या घोड्यांची धाव कमी झाली, वजन घटलं, आणि दोन आठवडे हलकं काम देऊनही धाव भरून आली नाही. पण लाल पेशींचा फुगवटा तिथे सापडला नाही. विश्रांतीतलं कॉर्टिसॉल दोन्ही गटांत सारखंच. फरक दिसला तो व्यायामानंतर: थकलेल्या घोड्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. आणि एसीटीएच टोचलं तेव्हा त्यांच्या ग्रंथींनी नेहमीसारखंच उत्तर दिलं.

या शेवटच्या दोन वाक्यांपाशी मी बराच वेळ थांबले. ग्रंथी शाबूत आहे, तरी कामानंतर कॉर्टिसॉल चढत नाही, म्हणजे बिघाड वर असणार, हायपोथॅलॅमस किंवा पिट्युटरीत. ग्रंथी हाकेला ओ देते. हाक मारणाराच दमलाय. मला हे स्पष्टीकरण पटतं.

याचा तबेल्यातला अर्थ गंभीर आहे. आपण सगळे ताण म्हणजे वाढलेलं कॉर्टिसॉल असं धरून चालतो. फेरीनंतर एखाद्या घोड्याचा आकडा कमी आला की वाटतं, वा, गडी निवांत आहे. हंगामाच्या सुरुवातीला ते खरं असेल. सरावलेल्या घोड्याचं कॉर्टिसॉल त्याच कामाला कमी चढतंच. हंगामाच्या मध्यावर, वजन उतरत असताना आलेला कमी आकडा धोक्याचा असू शकतो. तंदुरुस्ती आणि थकवा, दोघांचा आकडा एकच. वेगळे करतं ते वजन, भूक आणि स्वभाव.

इतर संप्रेरकांचा विचार केला आणि सोडला. ग्रोथ हॉर्मोन अधूनमधून झटक्यांनी सुटतं, दिवसातल्या एका नमुन्यातून त्याचं काही कळत नाही. बीटा एन्डॉर्फिन जोराच्या धावेत चढतं. आमच्या फेऱ्या तेवढ्या वेगाच्या नाहीत.

२८ डिसेंबर

नाताळपासून उसंत नाही. राणीच्या मालकांनी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, सकाळी स्वतःहून हाक मारली. "डॉक्टरबाई, घोडी शांत झालीय. आधी खोगीर टाकताना कान पाडायची, आता नुसती उभी राहते. चंदी पण निम्मी ठेवते तोबऱ्यात."

छातीचा घेर १४१. म्हणजे सुमारे १२ किलो गेले. अंगावरचे केस निस्तेज. पहिल्या फेरीला निघताना अडते, मग चालते. सकाळची लाळ घेतली, फेरीनंतर अर्ध्या तासाची घेतली.

अतिश्रम हे निदान सगळं तपासून झाल्यावर उरतं ते. म्हणून आधी दात: कडेच्या दाढांना धार आली होती, फार नाही. हिरड्या फिक्या नाहीत. पाठीवर खोगिराखाली किंवा खाली तंगाखाली जखम नाही. चारही नाल ठीक, लंगडत नाही. लिदीत जंतांची अंडी पाहायला दिली आणि चाचांच्या संमतीने एकदाच रक्त घेतलं, कारण आपल्याकडे सर्रा हा रोगही असाच चोरपावलांनी वजन उतरवतो.

४ जानेवारी २०२५

सर्रा नाही, पंडुरोग नाही, जंत किरकोळ. लाळेत फेरीआधी आणि फेरीनंतर जवळपास सपाट रेष. याच घोडीची ऑक्टोबरात ठळक चढण होती, आणि शेजारच्या मोतीची आजही आहे.

चाचांना तबेल्यातच बसून समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "किती दिवस?" मी सांगितलं, महिना तरी पाठीवर कुणी नाही, आणि मग मोजपट्टी काय म्हणते ते बघू. ऐन हंगामात एक घोडी उभी ठेवणं म्हणजे घरात येणारा पैसा थांबवणं, हे मला ठाऊक आहे. ते लगेच हो म्हणाले. बाकीच्या घोडेवाल्यांनी त्यांना रोज एक फेरी आपल्या घोड्यावरून द्यायचं ठरवलं. हे माझ्या प्रकल्पाच्या आराखड्यात नव्हतं आणि त्याहून मोलाचं काही या हंगामात मी पाहिलेलं नाही.

११ जानेवारी

कृत्रिम एसीटीएच मिळालं. चाचा पुन्हा सुईला कबूल झाले. टोचण्याआधी आणि नंतर रक्त. राणीचं कॉर्टिसॉल व्यवस्थित उसळलं.

एका घोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण सिडनीच्या घोड्यांची गोष्ट टेबल लँडवरच्या तट्टात ओळखू आली, एवढं म्हणते.

२३ फेब्रुवारी, मिरजेजवळ

टांगा शर्यतीचा घोडा ठेवणाऱ्या एका दादांकडे गेले. जातिवंत, सुंदर जनावर, खरारा रोज. पळवणंही रोज, आणि दर वेळी जीव तोडून. "एक दिवस बसवला तर अंग जड होतं," असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना स्नायूंतल्या ग्लायकोजेनबद्दल सांगितलं. माणूस भाकरी-भात खाऊन दिवसभरात तो साठा बराचसा भरून काढतो. घोड्याला कसून धावल्यावर तो भरायला ४८ ते ७२ तास लागतात. रोज जोरात पळवलेला घोडा रोज अर्ध्या कोठारावर पळतो, आणि कोठार रिकामं असलं की त्याच कामाला शरीराला जास्त कॉर्टिसॉल, जास्त अॅड्रिनॅलिन सोडावं लागतं. जोराचं पळणं आठवड्यातून दोनदा, मधले दिवस नुसती चाल आणि दुडकी, एक दिवस पूर्ण मोकळा. ते ऐकून घेत होते, वाद घातला नाही. मोजपट्टीचं सूत्र वहीत लिहून घेतलं.

१३ एप्रिल

ऊन तापलंय. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर असली तरी कातळ दुपारी भाजतो.

आज मिठाबद्दल. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा कितीतरी खारट असतो. सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम तिन्ही भरपूर जातात. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्यामुळे रक्त म्हणावं तसं दाट होत नाही आणि मेंदूला तहानेची सूचना मिळत नाही. घामाने निथळलेला घोडा पाण्याकडे तोंड फिरवतो, आणि मोतद्दार म्हणतो, "तहान नाही त्याला." त्याला तहान आहे, ती त्याला कळत नाहीये. तिकडे अॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंड आणि आतड्यातून सोडियम वाचवतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं. वैरण पोटभर असेल तर पोटॅशियम भरून येतं. सोडियम मात्र गवतात जेमतेम असतं, ते वरून द्यावंच लागतं.

सगळ्या तबेल्यांत सैंधवाचे खडे टांगले. चंदीत मीठ, आणि दुपारी फेऱ्यांमध्ये पाण्याची बादली दोनदा पुढे करायची. तीन दिवसांत बादलचं पाणी पिणं नजरेत भरण्याइतकं वाढलं.

राणीचा घेर १४४. मार्चपासून फक्त लहान मुलं, दिवसाला मोजक्या फेऱ्या. परवा खोगीर टाकताना कान पाडले म्हणून चाचांनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

२७ मे

यंदा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोसळला. हंगाम एकदम मिटला. शेवटचे नमुने पावसाआधी हाती आले होते, हे बरं झालं.

मे महिन्याच्या लिदीत तीन घोड्यांची रेष चढीच राहिली, रात्रीच्या विश्रांतीने उतरलेली नाही. अजून सपाट झालेली नाही. माझ्या मते ही त्याआधीची पायरी आहे आणि इथेच थांबवायला हवं. तिघेही दुपारची सुट्टी न मिळालेले.

२२ जून

चाचांनी विचारलं, "माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, तिथून पंढरपूर. ते कसे थकत नाहीत?" चांगला प्रश्न. चालीच्या वेगात स्नायूंना प्राणवायू पुरतो, लॅक्टेट (जोराच्या धावेत स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचत नाही, अॅड्रिनॅलिन फारसं हलत नाही. लांबच्या पल्ल्याने कॉर्टिसॉल चढतं खरं, पण मुक्काम ठरलेले, रोज रात्रीची विश्रांती ठरलेली, चारापाणी वेळेवर. रिंगणातली दौड जोराची, ती थोड्या वेळाची. आपल्या घोड्यांना मोडतं ते उलटं वेळापत्रक: निघायची वेळ ठरलेली, थांबायची नाही.

१३ जुलै

घोडेवाल्यांची बैठक झाली. मी सगळ्यांच्या रेषा भिंतीवर लावल्या होत्या. बराच वेळ दरावर बोलणं झालं, ते योग्यच होतं, कारण फेऱ्या कमी करायच्या तर प्रत्येक फेरीचा पैसा वाढायला हवा.

ठरलं ते असं. प्रत्येक घोड्याला आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा, आणि कुणाचा कधी हे पाळीने. दुपारी दोन तास खोगीर उतरवून सावलीत. मोठ्या माणसांना मोठेच घोडे. दर पंधरा दिवसांनी घेर मोजायचा, मोतद्दार पोरांनीच. पाच किलोपेक्षा जास्त उतार दिसला की मला फोन. फेऱ्या कमी करून किती ठेवायच्या तो आकडा मात्र ठरला नाही. मी सात म्हटलं, दोघांनी बारा म्हटलं, गणपतीनंतर पुन्हा बसायचंय.

राणीला आज मैदानात हलकं दुडकं पळवून लाळ घेतली आहे. निकाल यायचाय. ऑक्टोबरात सगळ्यांचे पायाभूत नमुने पुन्हा, त्याच वेळी, त्याच हातांनी. मेमध्ये रेष चढी राहिलेल्या तिघांचे दर आठवड्याला.